लिहा : कबुतरं

मेदार ओझानला लिहिता येत नव्हतं.
आंदेल नदीकाठच्या गावाची गाऱ्हाणी टिपायला
वकिलाचा कारकून आला, बोनिफास लकाशो.
चर्चच्या पायरीवर बसला, गुडघ्यावर वही, म्हणाला : सांग.
मेदार म्हणाला, लिहा : कबुतरं.
उमरावाची कबुतरं. पेरून पाठ वळते न वळते तोच
अख्खा मनोरा शेतात उतरतो.
एक दगड भिरकावला तरी दंड. लिहा.

लकाशोने शहरात पुस्तकं वाचली होती.
त्याने लिहिलं : मनुष्यमात्राचे निसर्गदत्त अधिकार.
वाचून दाखवलं तेव्हा मेदारला
त्यात एकही कबुतर सापडलं नाही,
तरी का कुणास ठाऊक, त्याचा कणा ताठ झाला.
सहीच्या जागी त्याने फुली मारली, जरा मोठीच.

ऑगस्टात कायदा फिरला. मनोऱ्यापाशी बंदुका वाजल्या.
त्या आठवड्यात गावभर सलगम घालून कबुतरं शिजली.
समता म्हणजे काय, असं पुढे कुणी विचारलं
की म्हातारा नुसते ओठ पुसायचा.

मग क्लोतिल्द उतरवली.
घंटेचं नाव ते. बारसं झालेली घंटा,
मेदारने वीस वर्षं तिचा दोर ओढलेला.
तिची नाणी पाडली. एक फिरत फिरत त्याच्याकडे आलं.
त्याने चावून पाहिलं, कानाशी धरलं.
काही म्हणत नव्हती.
आठवडाही नवा निघाला, दहा दिवसांचा.
सातव्या दिवशी घोडा आपसूक थांबायचा
आणि नागरिक मेदार त्याच्यावर खेकसायचा,
हळू आवाजात.

मठ लिलावात निघाला. घेतला लकाशोनेच.
साधू गुडघे टेकायचे तिथे चात्या मांडल्या,
नदी चाकाला जुंपली, नवी घंटा टांगली.
तिला नाव नाही.
इथे कुणापुढे टोपी काढायची सक्ती नाही.
तू स्वतंत्र, मी स्वतंत्र, ही घे लेखणी, मार फुली.
पटत नसेल तर दार उघडंच आहे.
बाहेर थंडी आहे, एवढंच.

मी हे ज्या भाषेत सांगतोय तिच्यात
तास म्हणजे नांगराने पाडलेली रेघ,
तास म्हणजे टोले द्यायची काशाची थाळी,
आणि तास म्हणजे साठ मिनिटं.
ओझानांच्या घराने हे तिन्ही अर्थ
दोन पिढ्यांत ओलांडले.
उरलं क्रियापद, तासणे.
ते नातीच्या वाट्याला आलं.

ओनोरीन, नऊ वर्षांची, तुटले धागे सांधायची.
पाच मिनिटं उशीर, तर पाव दिवस कापला.
घड्याळ लकाशोचं, किल्ली लकाशोच्या खिशात.
ते सकाळी पळतं आणि संध्याकाळी लंगडतं
हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.
उंच खिडकीतून उन्हाचा एक तुकडा भिंतीवर उतरायचा,
तिथे तिने खिळ्याने ओरखडा काढला.
दुसऱ्या दिवशी दुसरा. पावसाळी दिवस सोडून दिले.
असे ओरखडे, नऊ वर्षं.

ज्या उन्हाळ्यात पॅरिसातून आणखी एक राजा पळाला
गिरणीच्या फाटकाशी अर्ज लिहायला
एक चष्मेवाला पोरगा बसला. भला होता.
त्याचे शब्द तयार होते, मोठे, नवेकोरे :
श्रम, संघटन, उद्याचा माणूस.
ओनोरीन म्हणाली, लिहा : घड्याळ.
तो समजुतीने हसला, लेखणी बुडवली,
'काळावरील मनुष्याचा...'
तिने त्याचं मनगट धरलं. शाईचा थेंब पडला.
नाही. घड्याळ.
संध्याकाळी सत्तावीस मिनिटं मागे.
भिंतीवर खूण आहे, येऊन बघा.
मागच्या वेळी तुमच्यासारख्याच एका शिकलेल्याने
आमची कबुतरं हरवली.

पोरगा खोडायला चाकू शोधू लागला.
आत घंटा झाली. काही बाया गेल्या,
काही घुटमळल्या.
ओनोरीन कागदावर वाकून उभी राहिली,
एक अक्षर वाचता येत नसताना,
ओळीमागून ओळ
बोट ठेवून.